बर्फ कोण काढतं?

पहाटे चारला उठते.
ओइवा म्हणायचा, कुणाच्या धारा काढायच्यात तुला?
आता म्हणत नाही, कूस बदलतो.
मी लोकरीचे मोजे चढवून
सॉनाच्या बाहेरच्या खोलीत जाते,
जिथे टॉवेल टांगतात, बर्चच्या जुड्या वाळतात.
एक स्टूल, एक फळी, फळीवर वही.
रात्रीची ऊब अजून लाकडात असते.
ती आहे तोवर लिहायचं.
ऊब गेली की बोटंच सांगतात, पुरे.
सॉना तापवला नसेल त्या पहाटे
एखादंच वाक्य होतं,
तेही खोडण्याजोगं.

चौतीस वर्षं केमियार्वीत औषधाचं दुकान सांभाळलं.
नावांची ददात नाही.
रक्तदाबाच्या गोळीचं नाव उलटं वाचलं
की सेनापती मिळतो.
मलमाच्या डबीत दोन राजकन्या.
बद्धकोष्ठतेच्या औषधावर तर
अख्खं राजघराणं उभं केलंय;
वाचक लिहितात, किती प्राचीन वाटतं हो!

आधी नकाशा. पुड्या बांधायच्या कागदावर,
नद्या निळ्या पेन्सिलीने, सीमा खोडता येतील अशा.
मग मिठाचा भाव.
मिठाचा भाव ठरल्याशिवाय
मी ड्रॅगनला अंडं घालू देत नाही.

एवढं सगळं चोख,
आणि तिसऱ्या पुस्तकात इल्वार दाराशी येऊन थांबला.
किल्ल्याचं दार. बाहेर युद्ध.
खोगीर कसलेलं, खलित्यावर मोहोर,
आणि हा जागचा हलेना.
एक पहाट, चार पहाटा, अकरा.
घोडं कुठे पेंड खातंय तेच कळेना.
त्याला ताप आणून पाहिला.
चंद्र अलीकडे ओढला.
त्याची आई मारली;
दुसऱ्या दिवशी जिवंत केली, तिची माफी मागितली.
शेवटी मी त्याला भित्रा म्हटलं.
तो काही बोलला नाही.

बाराव्या दिवशी ताइस्तो कॉफीला आला,
बर्फाचा नांगर रस्त्याकडेला घरघरत ठेवून.
पहिलं पुस्तक त्याने त्या केबिनमध्ये वाचलंय,
दोन हिवाळे लावून.
त्याच्या बुटांखाली पाण्याचं तळं होत होतं.
म्हणाला,
तुझ्या राज्यात नऊ महिने हिवाळा.
मग बर्फ कोण काढतं?

मी म्हटलं, जादूने निघतो.
त्याने साखर ढवळली. बराच वेळ ढवळली.
जादूगार उठतो पहाटे तीनला?

तो गेल्यावर सगळी पानं काढली. नऊशे.
तलवारी दोनशे चौदा,
मुकुट एकोणीस,
एक बोलता कावळा.
फावडं एकही नाही.

म्हणजे दार उघडणारच नव्हतं.
बाहेर कमरेइतका बर्फ होता
आणि मी आतल्या माणसाचं काळीज तपासत बसले होते.

दुसऱ्या पहाटे
दाराच्या पलीकडून खरवडण्याचा आवाज आला.
आधी मला वाटलं, ताइस्तोच असेल रस्त्यावर.
नव्हता.
फट पडली, फटीत वाफ,
वाफेमागे एक बाई, फावड्यावर वाकलेली,
हातमोज्याचा अंगठा वेगळ्याच लोकरीने शिवलेला.
घोडा तिच्या शेजारून निघून गेला.
इल्वारने मागे वळून पाहिलं की नाही, आठवत नाही.
मी पाहत नव्हते.

त्याच्यामागे जायचं ठरलं होतं;
युद्ध तिकडे होतं, प्रकरणाचं नावही तयार होतं.
मी तिच्याजवळ थांबले.
लाकडातली ऊब कधीच गेली होती,
बोटं पुरे पुरे म्हणत होती.
पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं नाही.

तिच्यासाठी नाव औषधांत शोधलं.
एकही बसेना.
मग तिलाच विचारलं.
मान वर न करता म्हणाली,
हे अंगण होऊ दे आधी.