उशिरा आलेलं उत्तर

दिवसातून पाचदा त्यांचा फोन थरथरतो.
आत्ता कुठे आहेस? कुणाबरोबर?
किती एकटं वाटतंय, एक ते सात?
वाल्दिव्हियातल्या नऊ शाळा, दोनशे साठ मुलं,
वय चौदा ते सोळा, दिवस चौदा.
उत्तर द्यायला पंधरा मिनिटं.
मग दार बंद.

माझं काम साधं. आकडे तपासायचे,
आणि शेवटच्या चौकटीत, "आणखी काही?" या प्रश्नाखाली,
कुणी लिहिलंच तर त्यावर एक खूण करायची:
मैत्री, घर, शाळा, शरीर, इतर.
बहुतेक जण चौकट कोरी सोडतात.
कुणी लिहितं, भूक लागलीय.
कुणी नुसतीच शिवी हासडतं.
शिवी "इतर"मध्ये जाते.

एकशे सतरा नंबर पहिले सहा दिवस नुसता चार.
सकाळी चार, गणिताच्या तासानंतर चार, जेवताना चार.
चार म्हणजे ना हो ना नाही,
पडद्यावर सापडेल तिथे टेकवलेलं बोट.
असे गाळावे लागतात, डॉक्टर ओयार्सून म्हणाल्या.
मी म्हटलं, थांबू या थोडं.

सातव्या रात्री चौकटीत:
मायतेनं वाचलंय. अकरा तास झाले.

एवढंच.

नियम असा की दोघांनी वेगवेगळं वाचायचं,
एकमेकांना न विचारता खूण करायची.
नाउएलनं लिहिलं: नकार.
मी लिहिलं: वाट पाहणं.
तशी खूण आमच्या यादीत नव्हतीच.
नाउएल चोवीस वर्षांचा. म्हणाला,
अकरा तास म्हणजे नकारच, बाई.
मला कोरालचा धक्का आठवला.
तिथे मी पाच रविवार उभी होते,
शेवटचा माणूस उतरून बोट रिकामी होईपर्यंत.
पण माझं पत्र त्यानं उघडलंय,
हे निदान तेव्हा कुणी सांगत नव्हतं.

आठव्या दिवशी सात.
नवव्या दिवशी सात, सात, सात,
आणि चौकटीत: तुम्ही हे वाचता का?

धोक्याच्या शब्दांची आमच्याकडे यादी आहे.
"वाचता का" त्यात नाही.
तरी मी फोन केला, ओयार्सूनबाईंनी शाळेत केला,
समुपदेशक तिच्याशी बोलल्या.
ती मुलगी आहे, हे मला तेव्हा कळलं.
काय बोलल्या, ते आमच्यापर्यंत येत नाही.
येऊही नये.

अकरावा दिवस शनिवार. तीन हाका गेल्या, उत्तर नाही.
माझ्या पोटात खड्डा पडला.
रात्री पावणेदहाला दुपारच्या प्रश्नाचं उत्तर आलं:
दोन.
खाली, एकही विरामचिन्ह न घालता,

नदीवर होते फोन घरी राहिला
मासळीबाजारामागे समुद्रसिंहानं एका माणसाची टोपी पळवली
आणि तिच्यावरच बसला
मी आणि अजून एक मुलगी नाव नाही विचारलं
हसून हसून पोट दुखलं
हे आता चालेल का

चालत नाही.
पंधरा मिनिटांनंतर येते ती आठवण.
आम्हाला क्षण हवा असतो.
मशीन आपलं आपण खोडून टाकतं,
आणि तक्त्यात एक ठिपका राहतो.
ठिपका म्हणजे माहिती नाही.

या शनिवारी असे ठिपके जरा जास्तच आहेत.
बाहेर ऊन होतं, त्या आठवड्यातलं पहिलं.
ज्यांनी वेळेत उत्तरं दिली, त्यांच्या आकड्यांवरून
शनिवारी एकटेपणाची रेषा चढलेली दिसते.

परवा नाउएलनं विचारलं, या ठिपक्यांचं काय करायचं?
भरून काढायची पद्धत आहे,
आजूबाजूच्या आकड्यांची सरासरी घ्यायची.
एकशे सतराचे शुक्रवारी सात,
रविवारी पाच.
मधे सहा बसेल, तो म्हणाला, आणि बोट कळीवर नेलं.

नको, मी म्हटलं.
असू दे तसाच.