मिलिमीटर

हेल्दुर आता रोज पहाटे दलदलीत जाऊन बसतो.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तदाब. लेइली म्हणाली, श्वास.
मी म्हटलं, निदान गमबूट घालून जा.

लेइली आधी शाळेची बस चालवायची.
आता फळ्यांच्या वाटेवर सहा माणसं ओळीनं बसवते
आणि सांगते, काही करू नका.
बसमध्ये पोरांना सांगायची, अगदी त्याच आवाजात.

पहिल्या दिवशी मीही गेले.
गुडघाभर धुकं, त्यात बुटके पाइन,
वयानं शंभर, उंचीनं माझ्या कमरेला.
डास मात्र चांगले पोसलेले.
पोस्टातला रैवो मिटल्या डोळ्यांनी मानेवर चापट मारायचा
आणि दर चापटीनंतर पुटपुटायचा, माफ कर.
मला हसू फुटलं. लेइलीनं एक डोळा उघडला.
दुसऱ्या दिवसापासून मी बादली घेऊन जाते,
ते बसतात तिथून थोडं पुढे,
क्रॅनबेरी वेचायला.

हेल्दुर चांगला बसतो, असं लेइली म्हणते.
मला विचाराल तर तो एकतीस वर्षं बसूनच होता,
पलीकडच्या मैदानात, पीट काढायच्या यंत्रावर.
तिथं आता काही नाही. तपकिरी सपाटी,
आणि फुटपट्टीनं आखल्यासारखे चर.
यंत्र एका फेरीत बोटभर जाडीचा थर खरवडायचं.
संध्याकाळी तो कान धुवायचा तेव्हा
पाणी कोऱ्या चहासारखं निघायचं.
त्या मातीवर आम्ही घर बांधलं,
मुलीला व्हायोलिन घेतलं.
तिच्याबद्दल वाईट माझ्या तोंडून निघायचं नाही.

लेइलीनंच एकदा सहज सांगितलं,
बसण्याआधी, मन लागावं म्हणून:
शेवाळ वरून वाढतं, खालून मरतं,
आणि अशी ही दलदल वर्षाला
एक मिलिमीटर चढते.
बाकीच्यांनी डोळे मिटले.
मला लांबून हेल्दुरची बोटं दिसली,
गुडघ्यावर एकेक करून दुमडणारी.
तो श्वास मोजत नव्हता.

परतताना गाडीत म्हणाला, "एका फेरीत वीस वर्षं."
बरंच पुढे, दूध डेअरीच्या वळणावर,
"आणि जेवणाच्या सुट्टीआधी बारा फेऱ्या."
मी मूग गिळून बसले,
मांडीवर बादली घट्ट धरून.

मग चार दिवस तो गेलाच नाही.
लाकडं फोडली, पुढच्या हिवाळ्याचीसुद्धा.
पाचव्या पहाटे निघाला
आणि फाट्यावर दलदलीकडे वळायचं सोडून
सरळ गेला, आपल्या मैदानाकडे.

कंपनी गेल्यावर कुणीतरी तिथले चर बुजवलेत.
पाणी थांबू लागलंय, एवढंच.
फळ्यांची वाट नाही, क्रॅनबेरी नाही,
डाससुद्धा बेताचे.
त्यानं गाडीतून दुधाचा रिकामा क्रेट काढला,
उपडा टाकला, बसला.

मी गाडीपाशी उभी. हातात रिकामी बादली.
किती वेळ, ते माहीत नाही.
क्रौंच एकदा ओरडला, लांब कुठेतरी,
गंजलेल्या बिजागरीसारखा.
हेल्दुरची पाठ मला चाळीस वर्षांची ठाऊक आहे;
ताठ असली की समजायचं, काहीतरी लपवतोय.
आज ती ढिली होती,
अर्ध्या भरलेल्या पोत्यासारखी एका अंगाला कललेली.

शेवटी मी जवळ गेले. बूट फचफचले.
मागे वळून पाहिलं तर माझ्या एकेका पावलात
पाणी सावकाश चढत होतं.
त्यानं डोळे न उघडताच बोट दाखवलं:
चराच्या कडेला, तळहाताएवढं,
ओलं, हिरवं.

"किती असेल?" मी विचारलं.
"तीन," तो म्हणाला. मग जरा थांबून, "चार धर."

बसायला कोरडी जागा शोधली. नव्हती.
मी बादली उपडी केली.