दोन गुण

खानापूर, सातवीचा वर्ग, लाईट गेलेली.
फळ्यावर नऊ ओळींचा उतारा:
कुंभार बाजारात अकरा मडकी मांडतो,
दहा विकतो,
अकरावं बोटानं वाजवून बघतो,
गिऱ्हाईक असूनही परत घरी नेतो.
मध्यवर्ती कल्पना लिहा. गुण दोन.

मी सांगितलेलं: फांद्या तोडत जा, खोड उरेल.

तोडल्या पोरांनी.
कुणी लिहिलं, श्रमाचं महत्त्व.
कुणी, बाजाराचं वर्णन.
हुंदऱ्यांच्या सुजातानं आख्खा उताराच उतरवला,
वळणदार अक्षरात.

सातेरीचा बाप कौलांच्या भट्टीवर.
त्यानं एवढंच लिहिलं:
बद्द वाजलं म्हणून
पुढं पूर्णविरामही नाही.
"हे काय रे?"
"खरं मडकं खणकन बोलतंय की, बाई."

मार्गदर्शिकेत उत्तर छापलंय: प्रामाणिकपणा.
बरोबरच आहे.
मी तो शब्द दोनदा म्हणून बघितला,
लाल पेन उघडं ठेवून.

संध्याकाळी स्टँडवर बेळगावची बस.
पाटी कन्नडात.
अजून एकेक अक्षर जोडत वाचते मी,
गाव लागेपर्यंत
बस निघालेली.

मग तिथंच, बाकड्यावर,
सातेरीची वही काढली.