अंशतः भरपाई

बांबोळीच्या वर्गात एस्पेरान्सा मॅडमनी
फळ्यावर तीन चौकोन काढले होते.
पहिल्यात नर्स सगळं करते.
दुसऱ्यात दोघं मिळून करतात, त्याला म्हणायचं अंशतः भरपाई.
तिसऱ्यात नर्स सांगते, शिकवते, बाजूला उभी राहते.
माणसाला स्वतःचं जेवढं जमत नाही
तेवढंच आपलं काम,
घासभरही जास्त नाही.
मी लाल शाईनं अधोरेखित केलं.
पेपरात हाच प्रश्न आला. दहापैकी आठ.

मग काणकोणच्या दवाखान्यात
अकरा नंबरच्या खाटेवर मिंगेल आला,
आगोंदचा रेंदेर,
चाळीस वर्षं दिवसातून तीनदा माडावर चढलेला
आणि एकदाच उतरायला चुकलेला.
पाय हलत होते थोडे. हात नाही.
बोटं खाटेच्या कडेवर नुसती ठेवलेली,
दुसऱ्या कुणाची विसरून राहिल्यासारखी.

मी पेज भरवायला बसले.
त्यानं तोंड मिटलं.
दुसऱ्या दिवशी मिटलं.
आनामारी, त्याची बायको, मला म्हणाली,
बाय, तो म्हज्याकडल्यानूय खायना.

रिपोर्टात लिहायला सोपं होतं: रुग्ण सहकार्य करत नाही.
पेन टेकवलंही होतं.
मग वाटलं, मीच चुकीच्या चौकोनात बसलेय.

नाइटला चमच्याची दांडी जाड करायला घेतली,
क्रेप बँडेज गुंडाळून.
तो बघत होता.
अशें न्हय, म्हणाला. आठवड्यातला पहिला शब्द.
पोयीक बांदतात तशें बांद.
चड घट नाका, चड ढिलें नाका.
घट बांधली तर पोय गुदमरते, सूर येत नाही,
सैल बांधली तर फुटते.
मी सोडलं, परत बांधलं. त्यानं मान हलवली. नाही.
तिसऱ्यांदा सोडलं.
वॉर्डात कुणीतरी खोकत होतं, नळ गळत होता,
आणि मला चाळीस वर्षांचा एक जाणता माणूस
एक चमचा बांधायला शिकवत होता.
तिसरा चौकोन होता हा,
फक्त उलटा.

सकाळी प्रभुदेसाई सिस्टर आल्या.
हे काय कात्याच्या गोळ्यासारखं? धुणार कसं?
रोज नवं बांधीन म्हटलं.
त्या काही बोलल्या नाहीत, म्हणजे रागावल्या.

पहिला चमचा उशीवर सांडला.
दुसरा गळ्यावर.
माझे हात माझ्याच अंगात राहीनात,
पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले.
तिसऱ्याला पेज ओठापर्यंत गेली आणि परतली.
हे कुणी शिकवलं नव्हतं,
की दुसऱ्या चौकोनात सगळ्यात कष्टाचं काम
न करण्याचं असतं.
पाचवा गेला आत.
मिंगेलनं गिळला, डोळे मिटले,
आणि कुणाला तरी शिवी दिली,
बहुतेक माडाला.

त्या दिवशीचा रिपोर्ट असा:
पेज सात चमचे, स्वतः. चादर दोनदा बदलली.
केस स्टडी बघून एस्पेरान्सा मॅडमनी विचारलं,
यात तू काय केलंस?
मी म्हटलं, उभी होते.
त्यांनी समासात काहीतरी लिहिलं आणि खोडलं.
गुण साडेसहा.

डिस्चार्जनंतर महिनाभरानं स्टोअरमधून शांबा आला.
यादीत एक चमचा कमी आहे, सिस्टर. भरपाई लागेल.
मी पर्स उघडली.
अठरा रुपये, म्हणाला,
पण नऊच द्या,
नऊ प्रभुदेसाईबाईंनी सकाळीच भरलेत.