प्र. प्राचार्य

पाटीवर माझ्या नावाखाली
'प्राचार्य'च्या आधी एक 'प्र.' आहे.
सातपूरच्या पेंटरनं तो बारीक काढला,
म्हणाला, मॅडम, पुढच्या वर्षी पुसायचाच ना,
रंग पातळच दिलाय.
सहा वर्षं झाली.
बाकीची अक्षरं दोनदा गिरवावी लागली,
तो आहे तसाच.

जाहिरात आली आहे गंगापूर रोडच्या एका संस्थेची.
पद एक. अर्ज आठ प्रतींत, योग्य मार्गाने.
जेवणं झाल्यावर ओटा आवरून
मी टेबलावर कागद मांडते.
हे विचारतात, नाव आधीच ठरलेलं असतं ना?
असतं, म्हणते मी, आणि पान उलटते.

एकूण अनुभव : वर्षे, महिने, दिवस.
बावीस. चार. अकरा.

नॅकची समिती यायची त्या पहाटे मोटर जळाली.
मी आणि शिपाई रंगनाथ
टँकरचा पाइप धरून गच्चीवर,
खाली मखमलाबादच्या बाजूला धुकं,
आणि साडेनऊला मी फाटकाशी,
हातात गुलाब, साडीचा काठ ओला.
समितीनं लिहिलं : पाणीपुरवठा समाधानकारक.
ते कोणत्या तक्त्यात भरायचं?

कळवणची एक मुलगी होती,
फीचे पैसे सीबीएसला गर्दीत गेले तिचे.
तिच्या अर्जावर मी 'विचाराधीन' लिहिलं
आणि परीक्षा संपेपर्यंत
विचारच करत राहिले.
ठळक प्रशासकीय कामगिरी, शंभर शब्दांत.
मी ही ओळ लिहिते, खोडते,
'विद्यार्थी कल्याण योजना राबविल्या' असं लिहिते.

बाबा नाशिक रोडच्या प्रेसमध्ये होते.
छापलेले ताव उजेडात धरायचे,
रेघ केसभर सरकली की ताव बाद.
दिवसभर लाखोंनी हाताळून
संध्याकाळी सायकलच्या पंक्चरला
आईकडे सुटे मागायचे.
हसायचो आम्ही.
हल्ली त्या खुर्चीत बसताना
पाठ टेकत नाही माझी.

दुपारी सह्यांचा गठ्ठा आला.
बोनाफाइड, दाखले, बसचे पास,
आणि मध्येच एक अनुभव प्रमाणपत्र :
प्रमाणित करण्यात येते की
डॉ. इंदुमती खैरनार या महाविद्यालयात कार्यरत असून
त्यांची वर्तणूक चांगली आहे.
खाली, रिकाम्या जागेखाली, प्राचार्य.
पेन टेकलंच होतं.
हेडक्लार्क गांगुर्डे खाकरले :
मॅडम, आपलं आपणच कसं सांगायचं?
चिटणीसांकडे पाठवतो.

तासाभरात चिटणीसांचा फोन.
कशाला उगाच, घरच्यासारख्या आहात तुम्ही.
पुढच्या वर्षी बघू ना.
मी पाटीकडे पाहिलं. काचेतून ती उलटी दिसते,
तरी 'प्र.' ओळखू येतो.
म्हटलं, साहेब, सही तेवढी आजच करा.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता,
त्यांच्याकडचा की माझ्याकडचा, कळलं नाही.

सही आली. 'चांगली' होतं तिथं
त्यांनी हातानं 'अत्यंत' घातलं होतं वर,
बाणाची खूण करून.
ते वाचून मला रडू का यावं?

सकाळी मुख्य पोस्टात रांग.
काउंटरवरच्या मुलानं पाकीट काट्यावर ठेवलं,
एक किलो दोनशे दहा ग्रॅम.
आत काय आहे मॅडम?
कागद, म्हटलं.
त्यानं शिक्का मारला, एवढ्या जोरात
की मागची बाई दचकली.

पुढे अशोकस्तंभाला गाड्या अडकलेल्या.
कॉलेजात पोचले तर मस्टर टेबलावर उघडं,
रंगनाथनं माझी ओळ मोकळी ठेवलेली,
आणि वर पाहायचं टाळत म्हणाला,
दहाची वेळ टाका की, कोण बघतंय.

मी घड्याळ पाहिलं.
दहा बत्तीस लिहिलं,
आणि लाल पेननं स्वतःला
लेट मार्क दिला.