चतुःसीमा

पूर्वेस ओढा. कागदावर अजून वाहतो.
पश्चिमेस शिदू आणि म्हाळूचा सामाईक बांध;
त्यातला धोंडा रात्रीतून चार बोटं सरकायचा,
सकाळी दोघंही त्याला शेंदूर लावायचे.

मोडी वाचणाऱ्या खळदकरबाई भिंग हलवतात:
‘विहीर आटली. माणसं एकोणनव्वद, बैल नऊ.’
पुढे कसर लागलीय;
तीन पिढ्या एका भोकातून गेल्या.
‘उत्तरेस?’
‘शाई फुटलीय हो.’

स्वारगेटहून वाघजाळी फाट्याचं तिकीट काढलं.
कंडक्टर म्हणाला, गाव नाही, नुसता स्टॉप आहे.

उतरलो.
सोसायटीच्या पार्किंगमध्ये, टाकीमागे,
एका मोटारीला वळायला अडचण करत
तो बसलेला. शेंदूर ताजा.

वॉचमन बघत होता.
मी वाकून
भिंतीपासून चार बोटं मोजली.