अखाद्य

रात्रपाळीत पावणेतीनला
टेंभुर्णे बाटली आणून ठेवतो टेबलावर,
झाकणाशी अजून वाफ.
"घ्या मॅडम, आज लालच निघून राहिलं."
ट्यूबलाइटसमोर धरते.
लाल नाही.
चहात दूध घालायचं राहून जातं
तेव्हा दिसतो तो रंग,
तळाशी बोटभर गाळ.

बुटीबोरीत मका येतो ट्रकनं.
दळतात, शिजवतात, आंबवतात.
स्पिरिट वर चढून पेट्रोलच्या वाटेला लागतं,
चोथा सुकून कोंबड्यांच्या.
उरतो पाक,
काकवीसारखा, पण गोडी आधीच यीस्टनं खाल्लेली.
तो मिनिटाला तीन हजार फेऱ्या गरगरतो
तेव्हा कुठे हे सोडतो,
टनामागे दहा-बारा किलो.
तेलही गेलं, तूपही गेलं म्हणतात;
इथं सगळं गेल्यावर
धुपाटण्यातून तेल निघतं.

फ्लास्कमध्ये गरम अल्कोहोल, त्यात हे.
एकाच दाण्यातले दोघे
बऱ्याच दिवसांनी समोरासमोर
आणि नीट मिसळत नाहीत.
ब्युरेटमधून थेंब.
थेंब.
गुलाबी येतं, जातं.
येतं, जातं.
मग अर्धा मिनिट थांबतं.
आम्लता साडेबारा.
वहीत लिहिते, खाली सही: मृदुला नंदनवार.

तांडापेठेत आई विचारते,
"मक्याचंच ना? मग भजी काहून नाही होत त्यात?"
माझ्या ओढणीला तिला आंबलेल्या आंबिलीचा वास येतो.
मी आम्ल सांगते, मेण सांगते,
पाकात किती तास उकळलं ते सांगते.
"म्हणजे नासलं."
"नासलेलं फेकतात, आई. हे विकतात."
ती हसत नाही.
पितळी डब्याचं झाकण लावते, घट्ट,
जणू माझ्या तेलाला तिच्या तेलाची नजर लागेल.

जरीपटक्याचे लछवाणी पंधरा पिंपं नेतात.
पहिला घाणा पिवळा पडला तर रागावले नाहीत,
गॅरेजवाल्यांना विकला,
वर दोन वड्या लॅबला पाठवल्या.
हिंगण्याला त्याचं ग्रीस होतं.
एक टँकर महिन्यातून बायोडिझेलवाल्यांकडे,
ते तर डिसेंबरात फोनवर ओरडतात:
थंडीत नळीत मेण धरलं, मॅडम, तुमचं तेल झोपलं!
मी काय करू,
नागपूरचा पारा नऊवर आला की
मीही झोपते.

पण कामठी रोडला पुलाचं काम चाललं होतं,
तिथं मी स्कूटर थांबवून पाहिलं.
एक पोरगा काठीला चिंधी बांधून
लोखंडी साच्याला आतून पुसत होता,
बादलीत आमचा रंग.
अशा निगुतीनं पुसत होता
की बाळाची टाळू भरावी.
आठवड्यानं परत गेले. साचा निघाला होता.
खांब उभा, गुळगुळीत,
एक खपली नाही, एक ओरखडा नाही
आणि तेलाचा डागही नाही.
कोणाला चिकटायचं नाही
एवढंच काम होतं त्याचं, आणि ते झालेलं.
मी उगाच त्या खांबाला हात लावला.
मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत राहिला.

आज चारला शिट्टी झाली.
चौथी टाकी उतू चाललेली, आंबवण फुगून
झाकणाबाहेर फेसाचा गळा.
टेंभुर्णे धावला नाही.
तेलाची एक बादली घेऊन शिडी चढला,
हळूच ओतली.
फेस ऐकल्यासारखा खाली बसला.
उतरताना म्हणाला,
"घरचंच माणूस लागते जी, समजवाले."

मी उरलेली बाटली फडताळात ठेवली,
सहा महिने राहील.
तारीख, पाळी, आम्लता,
आणि खाली नेहमीचा शिक्का, जरा तिरका पडलेला:
अखाद्य.
मग लछवाणींच्या पिवळ्या वडीनं
कोपरापर्यंत हात धुतले
आणि डबा उघडला.